वायफायला कुलूप

नियमाप्रमाणे रोंडाने नुसता ईमेल धाडला असता तरी भागलं असतं. पण ती काम करायची त्या टेलिफोन सहकारी संस्थेत गिऱ्हाईक म्हणजे सभासद आणि सभासद म्हणजे मालक. मालकाचं इंटरनेट तोडायचं तर निदान तोंड दाखवावं, असं तिला वाटलं. शिवाय म्हातारा व्हर्लिन ईमेल उघडत नाही, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. आधीच्या दोन्ही ताकिदी तशाच पडून होत्या.

मार्च लागला होता, तरी साउथ डकोटातल्या त्याच्या अंगणात त्या सकाळी बर्फ दगडासारखा घट्ट होता.

"ये पोरी, दार उघडंच आहे. आधी कॉफी."

कॉफी नाकारणं म्हणजे भांडण उकरून काढणं. अर्धा कप संपल्यावर रोंडाने सांगितलं, की या घरच्या जोडणीवरून कुणीतरी फुकटात सिनेमे उतरवून घेतंय. सिनेमावाल्यांची ही तिसरी तक्रार. तिसरीला आठवडाभर जोडणी बंद.

व्हर्लिनचा कप टेबलावर आपटला. "आठवडाभर? अगं, माझ्या पहिलारू गाई व्यायला टेकल्यात! गोठ्यातला कॅमेरा त्यावरच चालतो. हा नवा गुडघा घेऊन सारखा बर्फातून ये-जा करू? गेल्या साली एक वासरू गेलं माझं."

"माहितीये मला. म्हणून तर स्वतः आले. कुणी उतरवले सिनेमे?"

"मीच."

"कुठला होता?"

"तो... घोड्यांचा."

"बर्फावर नाचणाऱ्या मुलींचा."

व्हर्लिनचे कान लाल झाले. "हां, तोच. मला आवडतात त्या."

"तुमच्या वायफायला पासवर्ड नाही, व्हर्लिन. कुणीही वापरत असेल. आज पासवर्ड घाला, म्हणजे पुन्हा तक्रार येणार नाही."

"चाळीस वर्षांत या दाराला कुलूप लागलं नाही. ट्रकची किल्ली ट्रकमध्येच असते. आता शेजाऱ्यांच्या तोंडावर वायफायला कुलूप लावू? लोक काय म्हणतील?"

रोंडाने खिडकीतून गोठ्याकडे पाहिलं. छपरावर एक छोटी अँटेना होती. कॅमेऱ्यासाठी लावली असती, तर तिचं तोंड घराकडे हवं होतं. ते होतं रस्त्यापलीकडे, शेजारीण मार्लिसच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. वाऱ्याने फिरावी अशी ती बसवलेली नव्हती. चारही बाजूंनी तारेने करकचून आवळली होती.

ती काही विचारणार तोच व्हर्लिनचा फोन वाजला. पलीकडचा बाईचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"अरे झोपलास का काय? लाल कालवडीचे पाय दिसायला लागलेत! ऊठ!"

दोघं गोठ्यात पोचली तेव्हा मार्लिस नाइटगाउनवर जाड कोट चढवून तिथे हजर होती. तिने बाह्या वर सारल्या, व्हर्लिनने वासराच्या पायांना साखळी लावली, रोंडाने शेपूट बाजूला धरली. तिघांनी मिळून ओढल्यावर वासरू गवतावर घसरलं आणि फुरफुरलं. कालवड वळून त्याला चाटू लागली.

"रात्रभर कॅमेऱ्यावर मीच असते बसलेली," हात पुसत मार्लिस रोंडाला म्हणाली. "हा नुसता घोरतो. जागं राहायला काहीतरी हवं, म्हणून सिनेमे बघते. तू इकडे कशी?"

रोंडाने सांगितलं.

मार्लिस व्हर्लिनकडे वळली. "आणि तू म्हणालास, की तूच उतरवले?"

"हो."

"बर्फावर नाचणाऱ्या मुली? तू?" ती इतकी हसली की कालवड दचकली. "अरे ठोंब्या, पासवर्ड घाल आणि मला सांग की! त्यात कसलं आलंय कुलूप?"

"तुला तो माझ्याकडे मागावा लागला असता," व्हर्लिन पायाने गवत सारत पुटपुटला. "मला ते बरं वाटेना."

मार्लिसचं हसू ओसरलं. तिने कोटाची गुंडी लावली, पुन्हा काढली.

"सिनेमे आजपासून बंद," ती रोंडाला म्हणाली. "पण शिक्षा तर आहेच ना?"

"आहे. मला थांबवता येत नाही."

"मग आठवडाभर मी इथेच बसते. कॅमेऱ्यात नीट दिसत नाही तसंही. बसायला काहीतरी आण रे."

व्हर्लिन नव्या गुडघ्यानिशी जवळजवळ पळत घरात गेला आणि पाहुण्यांसाठी राखलेली गादीची खुर्ची घेऊन आला. ती गोठ्यात नेऊ नये, हे कुणीही सांगितलं असतं. रोंडाने सांगितलं नाही. तिने ऑफिसला फोन करून जोडणी बंद करायला लावली.

व्हर्लिन तिला गाडीपर्यंत सोडायला आला. गाडीचं दार धरून जरा घुटमळला.

"पोरी, चौथ्या तक्रारीला किती दिवस बंद करता?"

"चौथीला जोडणी कायमची जाते."

"अस्सं," व्हर्लिन म्हणाला आणि गोठ्याकडे बघत विचारात पडला.