बर्फ पाण्यात बुडतो

मी वर्गात रोज एक थाप मारायचे. ठरवून मारायचे. विज्ञान शिकवायची दुसरी रीत मला ठाऊकच नाही. बोलता बोलता, अगदी गंभीर चेहऱ्यानं, एक धडधडीत खोटं ठोकून द्यायचं आणि गप्प उभं राहायचं. मुलं आधी एकमेकांकडे बघायची, मग एखादा हात बिचकत वर यायचा, आणि मग सगळा वर्ग ओरडायचा, "बाई, थाप!" ज्यानं पकडली त्याला त्या दिवशी फळा पुसायला मिळायचा. हसू नका. तेवढ्यासाठी मुलं माझा शब्द न् शब्द कान टवकारून ऐकायची. आमचे हे म्हणतात, "पगार घेऊन खोटं बोलणारे पुष्कळ आहेत, पण सांगून सवरून बोलणारी तू एकटीच."

मग आमच्या संस्थेनं सगळ्या शाखांमध्ये मोठाले स्क्रीन बसवले. मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, तुमच्यासारखं शिकवणं सगळ्या मुलांच्या वाट्याला यायला हवं. एकदा रेकॉर्ड करून ठेवू." मी फुगले. का नाही फुगणार? इतक्या वर्षांत कुणी बरं म्हटलं नव्हतं.

स्टुडिओ म्हणजे जुनी सामानाची खोली, खिडकीला काळा पडदा लावलेला. समोर एकही मूल नाही. कॅमेऱ्याच्या काचेकडे बघून बोलायचं म्हणजे भिंतीशी गप्पा मारायच्या. तरी मी माझी रीत सोडली नाही. "बर्फ घट्ट असतो, म्हणून तो पाण्यापेक्षा जड," मी म्हटलं. "पाण्यात टाकला की बुडतो." मग नेहमीसारखी थांबले. चांगली थांबले. मग म्हटलं, "काय रे, कुणीच नाही? ग्लासात बर्फ कधी बघितला नाहीत?" आणि तो का तरंगतो ते नीट समजावून दिलं.

व्हिडिओची काटछाट करणारा एक पोरगेला माणूस होता, त्याला आम्ही कात्रीवाला म्हणायचो. त्याला वाटलं, बाई मधेच विसरल्या, अडखळल्या, आणि मग स्वतःचंच बोलणं फिरवलं. माझी लाज राखावी म्हणून बिचाऱ्यानं 'बुडतो'च्या पुढचं सगळं कापलं आणि थेट वाफेचा धडा जोडला. मला वाटेत भेटला तेव्हा म्हणाला, "बाई, तुमची एक गडबड झाली होती, मी साफ करून टाकली." मी त्याला वर थँक्यू म्हटलं. व्हिडिओ उघडून बघितला नाही. स्वतःचं थोबाड तासभर कोण बघणार!

त्यानंतर माझे तास कमी होत गेले. बाई स्क्रीनवर आहेतच, मग वर्गात कशाला? बटण दाबायला आणि मुलं गप्प बसवायला कुणीही चालतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. कापणारे वर आणि माझ्या नावानं टाळ्या वाजवत होते.

सहामाही परीक्षा झाली आणि एका मुलाच्या बापाचा फोन आला. बर्फ बुडतो असं लिहिणाऱ्या त्याच्या मुलाला पूर्ण मार्क मिळाले होते. चौकशी झाली, तर सगळ्या शाखांतल्या मुलांनी तेच लिहिलं होतं, आणि तपासणाऱ्यांनी व्हिडिओ बघून बरोबरच्या खुणा केल्या होत्या.

मुख्याध्यापकांनी बोलावलं. "बाई, ही चूक तुमच्या तोंडून गेलीय."

"चूक नाही सर, थाप. पुढचं कापलंय."

"मुलांना काय फरक पडतो?"

"थाप पकडायची असते."

"मग एकानंही का नाही पकडली?"

माझं डोकं सणकलं. "स्क्रीनला कोण पकडणार? मला वर्गात उभं करा, बघा कशी पकडतात!"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरं. ज्या शाखेत तुम्ही कधी गेला नाहीत तिथे उद्या जाऊ. पकडली तर तुमचे तास परत. नाही तर यापुढे फक्त स्टुडिओ. आणि थापा बंद."

मी हो म्हटलं. माझी खात्रीच होती. मुलं ती मुलंच.

दुसऱ्या दिवशी मी पाण्याचा ग्लास आणि बर्फाचे खडे घेऊन त्या वर्गात गेले. मुलं मला बघून हरखली. "व्हिडिओवाल्या बाई!" मागून कुणीतरी म्हणालं, "खऱ्या किती बुटक्या आहेत!" मलाही हसू आलं. मुख्याध्यापक शेवटच्या बाकावर बसले. मी खडे ग्लासात सोडले, ग्लास टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला, आणि म्हटलं, "बर्फ पाण्यापेक्षा जड. पाण्यात टाकला की बुडतो."

आणि थांबले.

मुलं खाली मान घालून लिहू लागली. पेनांचा आवाज तेवढा येत होता. मी थांबले, अजून थांबले. एकही हात वर आला नाही.

शेवटी माझ्याच्यानं राहवेना. पहिल्या बाकावर एक चुणचुणीत मुलगी होती, तिला विचारलं, "हा बर्फ कुठे आहे गं?"

"वर आहे, बाई."

"मग मी काय म्हणाले?"

"बुडतो."

"अगं, मग खरं काय?"

तिनं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. "घरी तरंगतो, बाई. परीक्षेत बुडतो."

कुणी हसलं नाही. उलट चार-दोन माना हलल्या. मागून मुख्याध्यापक उठले, "बघा, मुलांना सगळं कळतं! नुकसान काहीच झालेलं नाही," म्हणाले, आणि घड्याळाकडे बघत दाराशी जाऊन उभे राहिले. माझे तास गेले ते तिथेच गेले. पण माझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. मला त्या पोरीचा राग आला होता, खरंच सांगते.

"कळत होतं तर गप्प का बसलीस?" मी तिच्यावर ओरडले. "पहिल्यांदा स्क्रीनवर ऐकलंस तेव्हा हात वर करायला काय झालं होतं?"

तिचे डोळे भरून आले.

"केला होता, बाई," ती म्हणाली. "तुम्ही बोलतच राहिलात."