बारा सेकंदांचा हिरवा दिवा

खात्यात त्याला सगळे ‘सिग्नलवाला’ म्हणत आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. शहरातल्या कुठल्या चौकात कुठला दिवा किती वेळ लागलेला ठेवायचा, हे हा इंजिनिअर ठरवायचा. मोठ्या चौकातल्या कोंडीनं मात्र त्याच्या नाकी नऊ आणले होते. आधी त्यानं शहाणपणाचा उपाय सुचवला होता. बसला वेगळी मार्गिका द्या, लोक बसनं जातील, मोटारी आपोआप कमी होतील. पार्किंग जाणार म्हणून दुकानदारांनी आकाशपाताळ एक केलं आणि वरच्या साहेबांनी फायलीला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. मग त्यानं सोपा उपाय काढला. रस्ता ओलांडणाऱ्यांचा हिरवा दिवा बावीस सेकंदांचा होता, तो बारावर आणला. दहा सेकंदांसाठी कोण भांडायला येतंय?

कुणी आलं नाही. बारा हा आकडा त्यानं हवेतून काढला नव्हता. घड्याळ हातात धरून तो स्वतः तीनदा रस्ता ओलांडून आला होता, दरवेळी अकरा सेकंदांत. वय सेहेचाळीस, पण रोज सकाळी पळायला जाणारा गडी. आपले पाय म्हणजे अख्ख्या शहराचे पाय, असं या शहाण्याला वाटलं.

कोंडी सुटली. साहेबांनी पाठ थोपटली. घरी आक्का, म्हणजे आईच्या मागे त्याला लहानाचं मोठं करणारी थोरली बहीण, आल्यागेल्याला सांगत सुटली, “आमच्या धाकट्यानं चौक मोकळा केला.”

त्याच सुमारास आक्कानं बाईंकडे जाणं सोडलं. बाई तिची शाळेपासूनची मैत्रीण. पुढे शिक्षिका झाल्या, म्हणून सगळ्यांची ‘बाई’. चौकापलीकडे तळमजल्यावर राहायच्या. नजर गेलेली, त्यात अंथरूण धरलेलं. आक्का रोज चारला काठी टेकत जायची आणि त्यांना कादंबरी वाचून दाखवायची. तीन वर्षांत नऊ पुस्तकं झाली होती, दहावं निम्म्याच्या पुढे आलं होतं.

“हल्ली बाईंकडे जात नाहीस?” त्यानं एकदा विचारलं होतं.

“गुडघे बोलतात रे.”

“रविवारी मी सोडतो गाडीनं.”

त्यानं मलम आणून दिलं. रविवार मात्र एकही उगवला नाही. दर वेळी काही ना काही काम निघालं आणि आक्कानंही पुन्हा विषय काढला नाही.

पाच महिन्यांनी बाईंच्या भाचीचा फोन आला. बाई पहाटे गेल्या होत्या.

दोघं पायीच निघाली. चौकात हिरवा लागला, त्यानं आक्काचा दंड धरला. जेमतेम दुभाजकापर्यंत पोहोचली तोच दिवा लाल झाला आणि मोटारी अंगावर आल्यासारख्या सुटल्या. तो गोंधळला. आक्का गोंधळली नाही. दुभाजकाचा लोखंडी खांब धरून ती नेहमीच्या जागी उभी राहावी तशी उभी राहिली.

“इथं थांबायचं,” ती म्हणाली. “पुढचा लागेपर्यंत. एकदा त्या तिथं मधेच अडकले होते, मोटारवाल्यानं नाही नाही ते ऐकवलं. दहाबारा दिवस अशीच इथं थांबत गेले. मग धीरच होईना.”

“मला का नाही बोललीस?”

“तुझं एवढं कौतुक चाललेलं. त्यात मी कुठं खोट काढू?”

 त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त वाटला पश्चात्ताप. बहिणीच्या चालीनं एकदा, फक्त एकदा मोजलं असतं तर.

दुसऱ्याच दिवशी त्यानं तो दिवा सव्वीस सेकंदांचा केला. साहेब तडकले, पण या वेळी तो मूग गिळून बसला नाही. आठवड्यानं तो आक्काला घेऊन चौकात आला.

“चालून तर बघ.”

ती आपल्या चालीनं चालली, काठी टेकत, कुठेही न थांबता. पलीकडच्या फुटपाथवर चढली तेव्हा पाच सेकंद शिल्लक होते. समोर बाईंची खिडकी बंद होती. आक्काच्या पिशवीत ते दहावं पुस्तक होतं, खुणेच्या दोऱ्यापुढे चाळीस पानं राहिलेलं. सवयीनंच घेतलं असावं तिनं.

“चांगलं केलंस,” ती म्हणाली. “आता पुष्कळ वेळ मिळतो.”

पलीकडे जायला आता कुठलंच घर नव्हतं. दोघं तिथंच उभी राहून परतीच्या हिरव्या दिव्याची वाट बघू लागली.