झऱ्याला काच चालत नाही

आमच्या आईने जायच्या आदल्या दिवशी मला दोन गोष्टी विचारल्या. कोंबड्यांचं दार लावलंस का, आणि नॉराचं काही कळलं का. दार लावलंय, असं मी सांगितलं. नॉराचं काही कळलं नाही, असंही सांगितलं. पहिलं खरं होतं. दुसरं मी तोवर पंचवीस वर्षं सांगत आले होते, त्यामुळे ते अगदी सहज तोंडातून निघालं.

नॉरा म्हणजे मँचेस्टरची मुलगी. लढाईत शहरांवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा तिकडची पोरं गाड्यांत भरून खेड्यापाड्यांत धाडली, त्यातली एक आमच्या वाट्याला आली. वय पाच, कोटाला नावाची चिठ्ठी अडकवलेली, नाक वाहतंय. मी आठ वर्षांची. तोपर्यंत आमच्या घरात थोरली मीच आणि शेंडेफळही मीच. पहिल्याच हिवाळ्यात नॉराची आई तिकडे बॉम्बहल्ल्यात गेली. त्यानंतर आमच्या आईने त्या पोरीला जे पंखाखाली घेतलं, ते पाच वर्षं सोडलं नाही. वेणी आधी तिची. गरम दुधावरची साय तिला. मी पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला, कारण नॉराला अंधाराची भीती वाटते. मला कशाकशाची भीती वाटते ते कुणी विचारलं नाही. आता हसू येतं, पण तेव्हा जळून खाक व्हायचे मी.

पंचेचाळीस साली तिचा बाप लढाईवरून परत आला आणि तिला घेऊन गेला. त्या वेळी आई रडली नाही. पुढे आठवडाभर मात्र आम्हां तिघांच्या जेवायला चार ताटल्या मांडत राहिली, आणि मग स्वतःच एक उचलून ठेवायची.

आता आमच्या झऱ्याचं सांगते, म्हणजे माझा गुन्हा समजेल. या खोऱ्यात दर मे महिन्यात आम्ही गावचा झरा सजवतो. मोठ्या लाकडी फळ्यांवर ओली माती थापायची, आणि त्या मातीत एकेक पाकळी दाबून चित्र उभं करायचं. तीन दिवस बायका पाठीचा काटा ढिला होईपर्यंत वाकून बसतात. मग फळ्या झऱ्यापाशी उभ्या करायच्या. चित्र टिकतं आठवडाभर, मग माती खरवडून ओढ्यात सोडून द्यायची. नियम एकच: जे उगवलं तेच फळीवर जाईल. पाकळी, बी, साल, शेवाळ. रंग नाही, कागद नाही, लोखंडाची टाचणीसुद्धा नाही. एकदा पाद्रीबाबांनी चकचकीत कागदाची चांदणी लावली होती, तर माझ्या आजीने ती त्यांच्या देखत उपटून काढली होती. आमच्याकडे लोक देवळात डुलक्या काढतील, पण या नियमात तडजोड करणार नाहीत.

लढाईत हे सगळं बंद होतं. शेहेचाळीस साली पुन्हा सुरू करायचं ठरलं, आणि चित्र ठरलं मेरीमातेचं. मेरीचा झगा निळा. मे महिन्यात निळं फूल मिळायची मारामार. रानात असतात ती दुसऱ्या दिवशी पांढरी पडतात. आई पाच वर्षं नॉराला झोपवताना या झऱ्याच्याच गोष्टी सांगायची, निळ्याची ही रडकथाही तिने शंभरदा सांगितली असेल. तर त्या वर्षी मे महिन्यात पोस्टमन आला तो नॉराचं पाकीट घेऊन. फाटकावर मीच होते. पाकिटात निळ्या काचेच्या मण्यांची माळ. तिच्या आईची. सोबत चिठ्ठी, मेरीच्या झग्याला हे मणी लाव, मावशी, हे फिके पडणार नाहीत.

आईने ते मणी फळीवर लावले नसतेच. पण खिडकीत टांगले असते, आणि चार पानी पत्र लिहून पोरीला जवळ घेतलं असतं. मी चौदा वर्षांची होते, त्या वर्षी पहिल्यांदाच मला फळीच्या कामाला बसवलं होतं, आणि नियमांचा ताठा मला गावातल्या म्हाताऱ्यांपेक्षा जास्त होता. मी माळ तशीच पाकिटात घातली. एक ओळ लिहिली, आमच्या झऱ्याला काच चालत नाही. आणि खाली नाव घातलं आईचं. नियम खरा होता, पण नियमाच्या आडून मी माझं जुनं उट्टं काढलं. पाकीट त्यावरच्याच पत्त्यावर परत धाडलं; नॉराचा पत्ता तेवढाच, तो आईला कधी मिळालाच नाही. आईला यातलं काही सांगितलं नाही. नॉराचं पत्र परत कधीच आलं नाही.

आईपाशी कबूल करायची हिंमत झाली नाही. ती गेल्यावर नॉराला शोधावं असं दर वर्षी ठरवायचे आणि दर वर्षी काहीतरी काम निघायचं. अंगणात मेंढ्या व्यायलेल्या असतात, छप्पर गळत असतं. ज्याला टाळायचंय त्याला खोऱ्यात कामाला तोटा नाही.

हे झालं माझ्यापुरतं. आता या सालचं, म्हणजे चौऱ्याण्णवचं सांगते.

हल्ली झरा सजला की बसगाड्या भरभरून माणसं येतात. किती शांत आहे हो इथे, असं ओरडून सांगतात. फुलं कशाने चिकटवता, पाऊस आला तर काय, मुतारी कुठे. मी झऱ्याशेजारी टेबल टाकून चहा आणि ओट्सची धिरडी विकते, देवळाच्या छपरासाठी. सगळ्यांना उत्तरं देते, थोडी तिरकसच, पण देते.

शनिवारी दुपारी पाहते तर राखाडी रेनकोटातली एक बाई दोरीच्या अलीकडून हात लांब करून फळीवरची एक पाकळी बोटाने दाबतेय. ही बाई मला तोंडओळखीची होती, बऱ्याच वर्षांपासून येते, एक चहा घेते, फार बोलत नाही. पण फळीला हात म्हणजे माझं डोकं फिरलंच. मी तिथूनच आवाज चढवला की अहो बाई, दोरी कशाला बांधलीय, शोभेला? लोकांनी वळून पाहिलं.

तिने हात मागे घेतला. मग सावकाश टेबलापाशी आली.

"सुकून वर आली होती पाकळी, म्हणून दाबली. चुकलं माझं," ती म्हणाली. "नियम माहीत आहेत मला. तुमच्या झऱ्याला काच चालत नाही."

माझ्या हातातली किटली मी टेबलावर कशी ठेवली ते मला आठवत नाही. ती ओळ जगात तिघांनाच ठाऊक असणार, मला, नॉराला आणि देवाला. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. एकोणसाठ वर्षांची बाई, केस पिकलेले, आणि त्या सगळ्याच्या आत ते पाच वर्षांचं वाहत्या नाकाचं पोर. इतकी वर्षं हिच्या कपात मी चहा ओतला होता.

शेजारच्या ग्लॅडिसला मी टेबल सांभाळायला सांगितलं आणि नॉराला हाताला धरून ओढ्याकाठच्या बाकावर नेलं. ती आली मुकाट. मघाशी घेतलेला कप हातात होता तिच्या, खांद्याला पिशवी. बसल्यावर तिनेच विचारलं.

"मावशी फार रागावली होती का गं माझ्यावर?"

अठ्ठेचाळीस वर्षं. म्हातारी होत आलेली बाई, आणि प्रश्न अकरा वर्षांच्या पोरीचा. मला वाटलं जमीन दुभंगावी. एक सोपं खोटं समोर होतंच. नाही गं, आई विसरून गेली, एवढं म्हटलं असतं तरी ती चहा पिऊन बसमध्ये बसली असती.

"आईला ठाऊकच नव्हतं," मी म्हटलं. "पाकीट मी घेतलं. माळ मी परत धाडली. ती ओळ मी लिहिली आणि खाली नाव तिचं घातलं."

ओढ्यापलीकडे कुणाची तरी कोकरं आयांच्या मागे धावत होती, नॉरा त्यांच्याकडे बघत राहिली. मी मग थांबलेच नाही. वेणीचं सांगितलं, सायीचं सांगितलं, भिंतीकडच्या बाजूचं सांगितलं. बासष्टाव्या वर्षी सायीचं गाऱ्हाणं सांगताना माझी मलाच लाज वाटली. शेवटी हेही सांगितलं की आई पोस्टमनची सायकल वाजली की हातातलं काम टाकून फाटकापर्यंत जायची. रोज जायची असं नाही म्हणत, खोटं आता नको. पण जायची. आणि शेवटच्या दिवसापर्यंत विचारायची.

"माझं नाव घेऊन विचारायची?"

"नाव घेऊन."

तिने कप बाकावर ठेवला. तो कलंडला, चहा सांडला, दोघींनी नुसतं पाहिलं.

मग ती बोलली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाली, एकोणसत्तर साली मी पहिल्यांदा परत इथे आले. नवऱ्याने हट्ट धरला, जा म्हणाला, एकदा भेट. बसमधून उतरले तर मावशी इथेच झऱ्यापाशी खुर्चीवर बसलेली, गुडघ्यावर शाल. माझ्यापासून दहा पावलांवर. मी उभी राहिले. वाटलं, जिला माझ्या आईची माळ नको झाली तिला मी कशी हवी असेन. चारला बस सुटली तिच्यात बसले आणि परत गेले.

"दोन वर्षं लागोपाठ असंच केलं," ती म्हणाली. "तिसऱ्या वर्षी खुर्ची नव्हती."

मी रडले. मला रडताना या गावात कुणी पाहिलं नाही, नवरा गेला तेव्हाही नाही. तिथे बाकावर, शंभर परक्या माणसांच्या देखत हुंदके देऊन रडले. आई दहा पावलांवर होती. हिने हाक मारायचाच अवकाश होता. आणि त्या दहा पावलांच्या मधे मी बसले होते, एका ओळीचा कागद होऊन. नॉराने मला गप्प केलं नाही की पाठीवर हात ठेवला नाही. का ठेवावा? पण उठूनही गेली नाही.

चार वाजले. बसचा भोंगा वाजला. सवयीने ती उठली, रेनकोटाची बटणं लावायला लागली. ड्रायव्हर माणसं मोजत होता, एक कमी भरत होतं, म्हणून तो हाका मारत ओढ्याकडे आला. चला बाई, उशीर होतोय.

"ही येणार नाही," मी त्याला सांगितलं.

त्याने नॉराकडे पाहिलं. नंतर जबाबदारी माझ्यावर नको, परतीचं तिकीट वाया जाईल, उद्या या रस्त्याला बस नाही, असं बरंच काही तो बोलला.

"आमच्या घरचं माणूस घरी आलंय. तू नीघ."

तो निघून गेला. गाडी वळली, पुलावरून गेली, तोवर आम्ही दोघी तिथेच उभ्या. मग नॉरा माझ्याकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते.

"मी तुला माफ केलेलं नाही, थेल्मा. करीन की नाही तेही ठाऊक नाही."

"नको करूस," मी म्हटलं. "रागव. पण घरी बसून रागव."

तिने खांद्यावरची पिशवी काढून माझ्याकडे दिली, चांगली जड होती ती, आणि आम्ही चढ चढायला लागलो.