पुरे म्हणजे नको

माझ्या मामाचा घसा सिगारेटीने गेला. डॉक्टरांनी आवाजाची पेटी काढली आणि श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं. मग मामा खुणांनी बोलायचा आणि मामी चुकीचे अर्थ काढायची. मुद्दाम.

नंतर एका बाईंचा वर्ग सापडला. घसा गेलेल्यांना त्या पुन्हा बोलायला शिकवतात. हवा गिळायची, ढेकरेसारखी वर आणायची, तिचाच शब्द करायचा. आवाज खरखरीत येतो, पण येतो.

प, ट, क चे शब्द आधी जमतात. 'न'ला फार वेळ लागतो. म्हणजे नव्या माणसाला 'नको' म्हणताच येत नाही. म्हणून वर्गात सगळेच 'नको'ऐवजी 'पुरे' म्हणतात. चहा हवा? पुरे. खिडकी उघडू? पुरे. मामा घरीही तेच. मामी म्हणते, "अजून वाढलंच नाही, पुरे कसलं?"

तर झालं असं, वर्गाची खोली मालकाने विकायला काढली. तेवढ्यात एका सिगारेट कंपनीने कळवलं, खोली आम्ही घेऊन देतो. दारावर आमच्या नावाची पाटी लावा, आणि तुमच्यापैकी एकाने कॅमेऱ्यासमोर आभार माना.

बाईंनी निर्णय वर्गावर सोडला.

एक काका पूर्वी बसमध्ये कंडक्टर होते. ते म्हणाले, "पाप. पक्कं पाप."

मामा म्हणाला, "त्यांनी घसा घेतला. आता खोली देतायत. काय बिघडलं?"

"कुणाच्या पैशातून? सिगारेटी घेऊन पुढचे पेशंट पैसे भरतायत, बाबा."

खरं सांगतो, मी मामाच्या बाजूने होतो. वर्ग बंद पडला तर मामा पुन्हा गप्प होईल, ही भीती. घरी तो बोलायचा तो सराव म्हणूनच. शेवटी बहुतेकांचे हात वर गेले, घेऊ या. आणि आभार मानायला मामा, कारण त्याचा आवाज सगळ्यात मोकळा.

कंपनीचा माणूस आला. माझ्याच वयाचा, फार नम्र. मला माईकची वायर धरायला दिली. मामा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसला.

"काका, एक करता का? वरचं बटण लावा. ते भोक दिसलं की बघणारे घाबरतात."

मामाने लावलं. पण श्वास तर तो तिथूनच घेतो. चेहरा लाल झाला.

"जरा वेळच, काका."

मामाने बटण काढलं. हवा गिळली. म्हणाला, "पुरे."

"पुरे? अजून सुरूच नाही केलं."

मागे कंडक्टरकाका हसायला लागले. त्यांचं हसणं म्हणजे आवाज नाही, नुसते खांदे हलतात. बाई म्हणाल्या, "ते नको म्हणतायत."

"कशाला? बटणाला?"

"पाटीला," मामा म्हणाला. "पैशाला. कॅमेऱ्याला."

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी वायर गुंडाळायला घेतली, दुसरं काय करणार?

घरी येताना मी चिडलेलोच होतो. "मामा, घेऊ या म्हणणारा तूच ना?"

"भोक त्यांनीच केलं," मामा म्हणाला. थांबला, पुन्हा हवा घेतली. "तेच झाकायचं?"



खोली गेलीच. आता वर्ग एका शिंप्याच्या दुकानात भरतो, माळ्यावर. जिना उभा आहे, त्यामुळे दोघं यायचे बंद झाले. बाई त्यांच्या घरी जातात. बाकीच्यांना जागा अपुरी, अर्धे उभेच. खाली मशिनी खडखडत असतात, त्यामुळे सगळ्यांना जोर लावून बोलावं लागतं. बाई म्हणतात, बरंच आहे.

काल वर्ग सुटल्यावर मामाने पँटच्या उंचीवरून शिंप्याशी वाद घातला. शिंपी म्हणाला, "काही ऐकू येत नाही हो."

"तर बंद कर."

शिंप्याने मशीन बंद केली. मग मामा बराच वेळ बोलत होता. मी जिन्यात बसून राहिलो, घाई कसलीच नव्हती.