पिस्तुलाला टिकली

घाबरू नका मित्रांनो. तुमच्याशी बोलतोय तो मी एक जुनं सरकारी पिस्तूल आहे, आणि खरं सांगायचं तर तुमच्यापेक्षा मीच जास्त भित्रा आहे. पिस्तूल कशाला भिईल, असं तुम्ही म्हणाल. भीती नळीच्या पुढे उभ्या असलेल्याला वाटते, अशी सगळ्यांची समजूत असते. नळीच्या मागेही ती असते आणि आतही असते. माझी हकिकत ऐका, म्हणजे पटेल.

माझा जन्म एका सरकारी कारखान्यात झाला. तापवलं, ठोकलं, घासलं आणि शेवटी तेलकट कागदात गुंडाळून पेटीत निजवलं. पेटी उघडली तेव्हा मी जालना जिल्ह्यात होतो. तिथून टेंभुर्णीच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात माझी नेमणूक झाली. ठाण्याचं नाव सांगत नाही. सरकारी नोकराने उगीच नावं घेऊ नयेत.

माझे पहिले धनी बद्रीनाथ फौजदार. माणूस लोण्यासारखा. सरकारी तेल वेळेवर यायचं नाही, म्हणून ते मला घरचं खोबरेल लावायचे आणि वर म्हणायचे, "केसाला चालतं तर लोखंडाला का न्हाई चालणार?" थंडी पडली तसं ते खोबरेल माझ्या पोटात थिजलं. चांदमारीच्या मैदानावर, म्हणजे जिथे पोलीस नेमबाजीचा सराव करतात तिथे, माझा घोडा जागचा हलेना. सगळे पोट धरून हसले. "त्याला आधी उन्हात बसवा," असं कुणीतरी म्हणालं आणि खरोखरच मला उन्हात ठेवलं. तेव्हा मला फार लाज वाटली होती.

खंडेनवमीला मात्र माझा थाट असे. सतरंजीवर सगळी हत्यारं मांडायची, झेंडूची फुलं वाहायची आणि फौजदारांनी प्रत्येकाला कुंकवाचं बोट लावायचं. माझ्या कपाळावरची ती पहिली टिकली. बद्रीनाथ फौजदारांनी सबंध नोकरीत मला एकाही माणसावर रोखलं नाही. तेव्हा मी मनात कुरकुरायचो की आपल्याला कुणी विचारत नाही. मित्रांनो, आता ते दिवस आठवले की वाटतं, किती सुखाचे होते.

ते निवृत्त झाले आणि मी साधना मॅडमच्या कमरेला आलो. मॅडम आष्टीच्या. वडील रामकिसन शेती करायचे. फौजदाराच्या परीक्षेला बसणारी त्यांच्या घरातली ही पहिलीच मुलगी. मॅडमनी माझ्या पोटातलं सगळं खोबरेल काढलं, नळी साफ केली, मला कमरेला बांधायची जुनी दोरी बदलून नवी लावली. त्यांचा हात लहान, पण पकड घट्ट. मला वाटलं, आता आपलं बराबर जमणार.

मग तो ढाब्यावरचा दिवस आला. ट्रक लुटणारा एक जण तिथे जेवत बसलाय, अशी खबर होती. मॅडम गेल्या, सोबत हवालदार सर्जेराव. त्या माणसाने पोत्याखालून कोयता काढला आणि मॅडमनी मला बाहेर काढलं. माझ्या नळीच्या टोकावर एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. ती माशी समोरच्यावर स्थिर करायची आणि मगच चाप ओढायचा. पण मॅडमचा हात असा थरथरत होता की माझी माशी खरोखरच्या माशीसारखी भिरभिरायला लागली. त्यांना गोळी झाडता आली नाही. कोयता सर्जेरावांच्या खांद्यात बसला आणि तो माणूस शेतातून पळून गेला.

सर्जेराव वाचले. त्यांनी मॅडमना कधी एक शब्दही बोलून दाखवला नाही. पण शर्ट घालताना त्यांचा हात वर जायचा नाही, आणि तेवढं पाहूनच मॅडमचं अन्न तुटायचं. सरावात त्यांच्या गोळ्या कुठेच्या कुठे जाऊ लागल्या. मला हात लावण्यापूर्वी त्या तळहात पँटला पुसायच्या. मी ओलसर मुठीत बसायचो आणि मलाही धडकी भरायची.

अशात वरिष्ठ अधिकारी गिरिधर साहेबांनी एक छोटी डबी पाठवली. माझ्या नळीखाली बसवायची, बटण दाबलं की तांबड्या उजेडाचा ठिपका समोर पडतो. ठिपका जिथे, गोळी तिथे. साहेब म्हणाले, "साधना, सध्या एकच आली आहे. वापरून बघा आणि मला सांगा. तुम्ही हो म्हणालात तर जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांना मागवतो."

सर्जेरावांनी तिचं लगेच बारसं केलं. "मॅडम, ह्याला टिकली म्हणू. टिकली लावा, बिलकुल लावा. हात हलला तरी दिसतंय की गोळी कुठं जाणार ते. त्या दिशी ही असती तर माझा खांदा शाबूत राह्यला असता."

मॅडमनी सर्जेरावांच्या खांद्याकडे पाहिलं. त्यांनी मला टिकली लावली.

चांदमारीवर तर चमत्कारच झाला. माणसाच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर टिकली ठेवायची आणि चाप ओढायचा, की भोक बरोबर तिथेच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम खूप दिवसांनी हसल्या. मीही फुगलो, खोटं कशाला बोलू? फक्त एक गोष्ट मला खटकली. आधी मॅडम नेम धरताना सबंध पुठ्ठा बघायच्या, डोक्यापासून पायापर्यंत. आता त्या फक्त टिकली बघत होत्या. पण पिस्तुलाचं कोण ऐकतं?

त्या सुमाराला आमच्या भागात तोतया पोलिसांनी धुमाकूळ घातला होता. खाकी कपडे घालून यायचे आणि म्हाताऱ्या बायांना सांगायचे, "आजी, पुढं चोऱ्या होऊन राह्यल्या, दागिने काढून रुमालात बांधा." रुमाल बांधून द्यायचे ते, पण आत निघायचे खडे. खडकवस्तीच्या उषाबाईंची बोरमाळ अशीच गेली होती. लोक चिडले होते आणि घाबरलेलेही होते. घाबरलेला जमाव कसा असतो, ते मी त्यानंतर पाहिलं.

एका संध्याकाळी खडकवस्तीवरून फोन आला. "तोतया फौजदार धरला, मॅडम! पिस्तूल हाय त्याच्यापाशी. सोयाबीनच्या गोदामात कोंडलाय. जल्दी या, न्हाईतर लोक पत्रा फाडून आत घुसत्याल."

आम्ही पोचलो तेव्हा गोदामाभोवती सगळी वस्ती लोटली होती. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात दगड. पत्र्याच्या भोकांना डोळे लावून पोरंसोरं आत बघत होती. "मारा त्याला" असा एकच गलका चालला होता. वस्तीवरची वीज गेलेली. मॅडमनी सगळ्यांना मागे सरायला सांगितलं, पण पुढचा हटला की मागचा पुढे यायचा. आत पिस्तूलवाला माणूस आणि बाहेर हा जमाव. थांबायला वेळच नव्हता.

मॅडमनी मला बाहेर काढलं. तळहात पुसायचा राहून गेला.

सर्जेरावांनी कडी काढली. आत अंधार आणि सोयाबीनच्या धुळीचा वास. मॅडमनी बटण दाबलं. माझी टिकली पोत्यांवरून सरकत गेली, एका पोत्यावरून दुसऱ्यावर, आणि मग खाकी कापडावर थांबली. छातीच्या खिशावर. टिकली खालीवर होत होती, कारण तो माणूस धापा टाकत होता. त्याच्या हातात काहीतरी काळं होतं.

"हातातलं खाली टाक!" मॅडम ओरडल्या.

तो माणूस दचकला आणि त्याच क्षणी मॅडमच्या वर्दीवर एक तांबडा ठिपका उमटला. माझा नव्हता तो. त्याच्या हातातल्या काळ्या वस्तूतून आला होता.

"मॅडम! टिकली तुमच्यावर हाय!" सर्जेराव किंचाळले.

मित्रांनो, चाप ओढला जातो तेव्हा आधी थोडी ढिलाई असते. ती संपली की मी आतून ताणला जातो. मॅडमच्या बोटाने ती ढिलाई संपवली. माझा घोडा मागे जायला लागला. मी काय करणार? मला हात नाहीत, आवाज नाही. आता माझ्या पोटात खोबरेलही थिजलेलं नव्हतं. मी अगदी स्वच्छ होतो, तेलपाणी केलेला, तयार. आणि मॅडम बघत होत्या फक्त त्या टिकलीकडे, जी त्या खिशावर खालीवर होत होती. मला त्या वेळी जी भीती वाटली, तशी वैऱ्यालाही वाटू नये.

तेवढ्यात अंधारातून एक चिरका, कापरा आवाज आला.

"हुकूम हाय सरकारचा! मांजरानं लोणी खाल्लं, उंदराला बेड्या घाला! सुनंनं लाडू लपिवले, सासूला जामीन न्हाई!"

मॅडमचे डोळे टिकलीवरून उचलले गेले. पहिल्यांदाच त्यांनी वर बघितलं, तोंडाकडे. दाढीचे खुंट पांढरे, गालाला रंग, आणि चिकटवलेल्या मिशीचं एक टोक सुटून ओठावर लोंबत होतं. घामाने रंगाचे ओघळ आले होते. म्हातारा रडत होता आणि रडता रडता तेच म्हणत होता, "सासूला जामीन न्हाई, मायबाप, सासूला जामीन न्हाई..." इतका भेदरला होता बिचारा, की जन्मभर दारोदार म्हटलेलंच तेवढं तोंडातून निघत होतं.

तो बहुरूपी होता. फौजदाराचं सोंग घेऊन गावोगाव फिरायचं, लोकांना खोटंखोटं दरडावून हसवायचं आणि पसाभर धान्य घेऊन पुढे जायचं, हा त्याचा पिढीजात धंदा.

मॅडमचं बोट सुटलं. माझा घोडा अलगद जागेवर आला. माझी नळी जमिनीकडे वळवून त्या म्हणाल्या, "आमच्या आष्टीला यायचे ओ असे. आमचे वडील सूप भरून ज्वारी घालायचे. मी त्यांच्या मागं लपायची."

त्या म्हाताऱ्याचं नाव भुजंग. हातातलं काळं म्हणजे जत्रेत मिळतं ते प्लास्टिकचं पिस्तूल होतं. "नातवाचं हाय, मॅडम. त्येची लाईट दाबली की लेकरं खूश व्हत्यात म्हणून सोबत ठिवतो. भ्यालो तसं बोट दाबलं गेलं."

अजून बाहेर जमाव होताच. मॅडमनी मला परत कमरेला अडकवलं, भुजंगचा हात आपल्या हातात धरला आणि त्याला घेऊन दारात उभ्या राहिल्या. कुणाचा तरी दगड पत्र्यावर येऊन आदळला. मॅडम हलल्या नाहीत. त्यांनी उषाबाईंना पुढे बोलावलं. "आजी, तुमची बोरमाळ नेली तो हाच का? नीट बघून सांगा. तोंड बघा, कपडे नको."

उषाबाईंनी जवळ येऊन त्या रंगलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग पदराने त्याच्या गालाचा रंग पुसला. "अगं माय, ह्यो तर बहुरूपी! गेल्या साली माझ्या दारात आल्ता. ह्यो न्हाई त्यो." आणि मागे वळून गरजल्या, "काठ्या टाका रे, मुडद्यांनो! तोंड तरी बघितलं का कुणी ह्याचं?"

तोंड कुणीच बघितलं नव्हतं. सगळ्यांनी खाकी बघितली होती, आणि आम्ही टिकली.

मग मॅडम परत गोदामात गेल्या. भुजंग जिथे उभा होता तिथे उभ्या राहिल्या आणि मागचा पत्रा चाचपला. पत्रा कागदासारखा पातळ होता. त्याच्या भोकांतून पोरांचे डोळे अजून आत बघत होते. माझी गोळी तिथूनच बाहेर पडली असती. सर्जेराव बाहेर जाऊन पोरांना पत्र्यापासून हाकलून आले.

भुजंग जाताना म्हणाला, "आता फौजदाराचं सोंग न्हाई घ्यायचं, मॅडम. दुसरं कायतरी बघतो."

दुसऱ्या दिवशी गिरिधर साहेबांचा फोन आला. "मग, सगळ्यांना मागवू ना?"

"नको, साहेब."

"का? घाबरलात?"

"हो साहेब, घाबरले. त्या ठिपक्यानं गोळी कुठं जाणार ते बराबर दाखवलं. पण समोर कोण आहे आणि त्याच्या मागं कोण आहे, ते नाही दाखवलं. आणि मी त्या ठिपक्याशिवाय काही बघितलंच नाही."

सर्जेराव बाजूलाच होते. डबी सोडवताना ते हळूच म्हणाले, "मॅडम, तुमचं खरं हाय. पण उद्या पुन्हा कोयता आला तर? मंग काय करायचं?"

मॅडमनी डबी कागदात गुंडाळली. "माहीत नाही, सर्जेरावदादा. सराव वाढवू. हात थरथरेल तेवढा थरथरेल."

तेव्हापासून त्या चांदमारीला नेमाने जातात. माशीवर नेम धरतात, चुकतात, पुन्हा धरतात. हळूहळू जमायला लागलंय. पण सर्जेरावांचा प्रश्न तसाच आहे. कमरेला लटकताना रोज वाटतं, तो कोयता आजच यायचा का?

परवा खंडेनवमी झाली. सतरंजी, झेंडू, सगळं नेहमीसारखं. मॅडमनी बोटावर कुंकू घेतलं आणि माझ्यापाशी येऊन थांबल्या. बोटावरचा तो तांबडा ठिपका बघत राहिल्या. बाकी सगळ्या हत्यारांना कुंकू लागलं होतं. मला त्यांनी हळद लावली, फूल वाहिलं आणि कुंकवाचं बोट रुमालाला पुसून टाकलं. मी रुसलो नाही.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या पोलीस होईल, कुणी फौजदार. मला साफ ठेवा, कुलपात ठेवा, लेकरांच्या हाती लागू देऊ नका, आणि कृपा करून खोबरेल लावू नका. पण एवढ्याने भागत नाही. मी कितीही जपलेला असलो तरी मला 'नको' म्हणता येत नाही. ते तुम्हालाच म्हणावं लागतं, आणि त्यासाठी समोरच्याचं तोंड बघावं लागतं. आजवर माझी गोळी एकाही माणसाला लागलेली नाही. त्या संध्याकाळी एका म्हाताऱ्याच्या बडबडीने आणि मिशीच्या सुटलेल्या टोकाने वेळ टळली. दर वेळी मिशी सुटेलच असं नाही.