येर्करची संथ नाडी

१९५१ सालच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. दूर उत्तरेकडच्या हेरयेदालेनच्या बर्फाळ डोंगरातल्या आमच्या गावात मी तेव्हा नर्स होते. त्याच हिवाळ्यात टपालखात्याने नवा नियम काढला, की टपाल नेणाऱ्या प्रत्येकाने डॉक्टरचा दाखला द्यावा.

टपाल गुनबोर्ग नेत असे. नवरा वारल्यावर त्याची पिशवी तिने खांद्यावर घेतली, त्याला चौदा वर्षं झाली होती. आठवड्यातून तीनदा, स्कीवरून, वरच्या सात वस्त्यांवर. दोन मुलं त्या पिशवीवर वाढली. डॉक्टर एकेलुंडनी तिची नाडी मोजली. अडतीस. त्यांनी दुसऱ्यांदा मोजायचेही कष्ट घेतले नाहीत.

"बाई, हृदय थकलंय तुमचं. घरी बसा आता."

"थकलं असतं तर मला आधी कळलं असतं, डॉक्टरसाहेब."

"ते कळायला शिकावं लागतं," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

त्याच दुपारी त्याच खुर्चीत येर्कर बसला. गुनबोर्गची जागा मिळावी म्हणून त्याने अर्ज केला होता. हा स्की-मंडळाचं भूषण. दहा वर्षांपूर्वी शर्यतीत तिसऱ्या क्रमांकाला मिळालेली कॉफीची किटली त्याने खिडकीत अशी मांडली होती, की चर्चला जाणाऱ्याला ती चुकवता येऊ नये. मोठ्या स्कीपटूंची नाडी संथ असते असं त्याने पेपरात वाचलं, तेव्हापासून दुकानात चार माणसं दिसली की हा मनगटावर बोटं ठेवून उभा. ऑक्टोबरात मी स्वतः मोजली होती, शहात्तर. फेब्रुवारीत भरली चव्वेचाळीस.

"वा! हे खरं खेळाडूचं हृदय," डॉक्टर म्हणाले.

अडतीस म्हणजे आजार आणि चव्वेचाळीस म्हणजे पराक्रम. मी बाजूला उभी राहून दोन्ही आकडे लिहिले. गप्प राहिले, त्याची लाज आजही वाटते.

गुनबोर्ग मात्र गप्प बसणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात आली आणि टपालाची पिशवी तिने डॉक्टरांच्या टेबलावर आपटली.

"माणूस खुर्चीत बसलेला असताना काय मोजता? चढून आल्यावर मोजा. त्याची नि माझी, दोघांची."

डॉक्टरांना गंमत वाटली. रविवारी प्रार्थनेनंतर सगळं गाव टेकडीवरच्या घंटाघराशी जमलं. खाली पायथ्याशी दोघांच्या पाठीवर सारख्याच वजनाच्या पिशव्या. नाडी मोजायचं माझं वाळूचं छोटं घड्याळ हातात घेऊन मी डॉक्टरांबरोबर वर थांबले.

गुनबोर्ग आली ती रोजच्यासारखी, कुणाकडे न बघता. एकशे चोवीस. तिने पिशवी उतरवली, हातमोजे झटकले, कुणीतरी दिलेली पातळ पोळी लोण्याबरोबर खाल्ली. तीन मिनिटांनी पुन्हा मोजली, तर साठाच्या खाली.

येर्कर बऱ्याच वेळाने उगवला. तोंड राखेसारखं, आणि कोटाच्या बाहीवर ओकारी. मी मनगट धरलं. दोन ठोके, मग काहीच नाही, मग एक ठोका. बहात्तर.

"पाहा!" डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "एवढं चढूनही बहात्तरच!"

"ह्याला श्वास घेता येत नाहीये, डॉक्टरसाहेब," गुनबोर्ग म्हणाली. "ते पण मोजा की."

येर्करने बर्फाकडे बघत डोळे चोळले. "बर्फ असा पिवळा का दिसतोय? आठ दिवस झाले, दूधसुद्धा पिवळं दिसतं."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. माझ्या डोळ्यांपुढे मात्र एक बाटली आली. येर्करच्या म्हाताऱ्या आईला, आल्बर्टिनाला, मी हृदयासाठी डिजिटॅलिसचे थेंब देत असे. जास्त झाले तर नाडी मंदावते, मळमळतं, जग पिवळं दिसतं. आणि त्या महिन्यात हा दोनदा नवी बाटली न्यायला आला होता. 'आईच्या हातून सांडली.'

"आईचे थेंब प्यालास?" मी विचारलं.

"थोडेच हो, सिस्टर," तो म्हणाला. तेही कुरबुरत, जणू मीच काही हिसकावून घेतलं होतं.

मी तशीच खाली त्याच्या घरी गेले. आल्बर्टिना तीन आठवडे खुर्चीतच झोपत होती, आडवं झालं की जीव गुदमरायचा. पाय फुगलेल्या कणकेसारखे. माझं बोट रुतलं तो खळगा भरून येईना.

"तुम्हीच थेंब बंद करायला सांगितलंत ना?" तिने विचारलं. "येर्कर तसं म्हणाला."

मी बाटली उघडून तिचे थेंब मोजले.

वर्षानुवर्षं ओझं घेऊन चढणारं हृदय मोठं होतं. एका ठोक्यात ते तुमच्याआमच्या हृदयाच्या दीडपट रक्त लोटतं, म्हणून बसल्यावर त्याला घाई नसते. काम पडलं की ते वेग घेतं, काम संपलं की लगेच खाली येतं. ते चौदा हिवाळ्यांत तयार होतं. येर्करला ते बाटलीतून हवं होतं, आणि तेही आईच्या.

डॉक्टरांनी गुनबोर्गला दाखला दिला. माफी नाही, 'हृदय समाधानकारक' एवढंच लिहिलं. पुढे ते मोठ्या इस्पितळात गेले आणि स्कीपटूंच्या संथ नाडीवर व्याख्यानं देऊ लागले. त्यात 'एक खेडवळ बाई' असायची. नाव कधी आलं नाही.

येर्कर पंधरा दिवसांत बरा झाला. तो शहरात जाऊन रेडिओ विकू लागला. हृदयामुळे स्की सोडावं लागलं, असं गिऱ्हाइकांना सांगायचा म्हणे. किटली मात्र सोबत नेली.

आल्बर्टिना आणखी चार वर्षं जगली. तिचे थेंब माझ्या कपाटात कुलपात असत आणि रोज सकाळी मीच जाऊन द्यायची. दर वेळी ती विचारायची, "येर्करचं पत्र आलं का?"

रस्ता होऊन मोटार येईपर्यंत, म्हणजे १९६४ पर्यंत, गुनबोर्गने टपाल नेलं. त्या चार वर्षांत आल्बर्टिनाच्या दारावरून ती आठवड्यातून तीनदा जायची, आणि दर वेळी थांबून, पिशवीत काही नाही हे म्हातारीला स्वतः सांगायची.