उतरता खांदा

(मापाची चिठ्ठी. रकाने चार.)

गळा:
शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की कापड कापणाऱ्या मास्तरांनी पडद्यामागे जायचं. एकोणीस वर्षांचा शिरस्ता. कापड बेतण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण कातडी काळी, वंश परका. "गिऱ्हाईक बिचकतं हो," मालक म्हणत. मापं मालकांचे जावई घेत. पगार मास्तरांच्या दुप्पट. मास्तर गळ्यात टेप अडकवून पडद्यामागे कापत राहत.

खांदा:
बँडपथकाचा म्होरक्या कोटासाठी आला. कोट बसला, तर चाळीस जणांचे गणवेश इथेच शिवायचे होते. मास्तरांनी फटीतून पाहिलं.

"मालक, ढोल वाहून त्यांचा उजवा खांदा उतरलाय. पाऊण इंच तरी. एकदा टेप लावू द्या."

"आता फटीतून मापं घेता का, मास्तर?" जावई हसले. "चिठ्ठीत आहे तसं कापा."

कापलं. कोट मानेशी फुगला. चाळीस गणवेश समोरच्या दुकानात गेले.

"कापलं कुणी? तुम्हीच ना!" मालकांनी मास्तरांना कामावरून काढलं.

बाही:
महिना गेला. मालक अजून त्या चाळीस गणवेशांसाठी हळहळत होते. काजं करणाऱ्या मावशींनी सुई खाली ठेवली.

"भाऊ, माप चुकलं पडद्यापुढे आणि शिक्षा पडद्यामागे? त्यांचा पगार दाबलात, त्यांच्या लेकीची शाळा सुटली. आता तुमचीही दोन मशिनं झाकून पडलीत. रंग बघून माणूस छाटलात, अन् हळहळताय कापडासाठी!"

मालक उठले. मास्तरांना शोधत एका गोदामापर्यंत गेले. मास्तर डाव्या हातानं गठ्ठे ढकलत होते. उजव्या हाताला पट्टी.

"चुकलो, मास्तर! परत चला. पुढे उभे राहा."

"माप घेईन, मालक," मास्तर म्हणाले. "कात्री नाही धरता येणार. दोन बोटं गठ्ठ्याखाली गेली."

उंची:
मालकांनी स्वतः स्टुलावर चढून पडदा उतरवला. सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं. मास्तर टेप घेऊन पुढे झाले.

गिऱ्हाईक बिचकलं नाही! त्यानं मापासाठी हात वर केले. बस, एवढंच.

मालकांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

वाचकहो, असा पडदा आपल्याही कचेरीत असेल. वर्णावरून माणसाला मागे ठेवलं, की आधी त्याचं घर खचतं, मग आपलं दुकान. तो पडदा आजच उतरवा. समोरच्याची बोटं शाबूत आहेत, तोवर.